एका पत्रातले चार धक्के

प्रश्न : दसऱ्याला नवीन पिकअप घेतली. डिझेल, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. आता पाच हजार किलोमीटर झालेत. सकाळी निघालो की पहिले दोन-तीन गिअर जोरात पडतात. सिग्नलला थांबलो की मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखा धक्का बसतो. चांदवडच्या पुढे राहुड घाटात माल भरलेला असला की गिअर ठरतच नाही, वर-खाली, वर-खाली चालू असतं. कधीमधी महामार्गावर इंजिन नुसतंच भुर्र करतं आणि मग गिअर पडतो, पण ते फार वेळा नाही, त्याचं एवढं काही वाटत नाही. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवली. 'ऑटोमॅटिकला असं होतं' म्हणून परत पाठवलं. नोव्हेंबरात पुढे जास्तीच्या लाइटी बसवून घेतल्या, बाकी गाडीला हात लावलेला नाही. गॅरेजवाला मित्र म्हणतो, गिअरबॉक्सचं ऑईल बदलून टाकू, दहा मिनिटांचं काम. थोरला भाऊ म्हणतो, गाडी परत कर आणि पैसे माग. काय करू?
– एक द्राक्ष बागायतदार, आडगाव, नाशिक

उत्तर :

भाऊ, तुमचं पत्र वाचताना मी थांबलो ते 'त्याचं एवढं काही वाटत नाही' या वाक्यापाशी. सकाळचं लिहिलंत, लाथेचं लिहिलंत, घाटाचं लिहिलंत, आणि ज्या कारणासाठी गाडी याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला न्यायला हवी ते जाता जाता सांगून टाकलंत. त्याच्याकडे मी येतोच. पण आधी दोन गोष्टी बजावून ठेवतो. मित्राला ऑईलला हात लावू देऊ नका, आणि थोरल्या भावांना सांगा की गाडी परत करायची भाषा अजून लवकर आहे.

सर्व्हिस सेंटरवाल्यांवर तुमचा राग आहे आणि तो बरोबरही आहे. पण तुम्ही तिथे जाऊन काय सांगितलंत? माझा अंदाज, 'गिअर पडताना जर्क मारतो.' एवढ्यावर कुणीही एवढंच उत्तर देईल. तुमच्या गाडीत मला चार वेगळे धक्के दिसतात आणि चौघांची कारणं वेगळी आहेत. त्यातला एक बहुतेक निर्दोष आहे, एक कदाचित गिअरबॉक्सचा नाहीच, एकाला तुम्ही स्वतः जबाबदार आहात आणि एक खरोखर आजार असू शकतो. चौघांना एकाच नावाने हाक मारली की तपासणारा सगळ्यात सोपा धक्का बघतो आणि तुम्हाला घरी पाठवतो.

तुमच्या गाडीत कसला ऑटोमॅटिक आहे हे आधी समजून घ्या, कारण आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एका शब्दात तीन-चार यंत्रं कोंबली जातात. छोट्या मोटारींत जो एएमटी असतो तो मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तिथे मोटर करते, म्हणून त्यात दर गिअरला मान डोलते. ती त्याची जातच आहे. मोबाईलवर फिरणारा 'गिअर बदलताना अॅक्सिलरेटर किंचित सोडा' हा सल्ला त्याच्यासाठी आहे. तुमच्या पिकअपमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल आहे, तेलातूनच जोर पुढे जातो, आणि आत क्लच प्लेटांचे गठ्ठे तेलाच्याच दाबाने आवळले-सोडले जातात. या जातीचा गिअरबॉक्स गरम झाल्यावर, सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने चालवताना गिअर बदललेला जेमतेम कळायला हवा. म्हणजे 'ऑटोमॅटिकला असं होतं' हे उत्तर थंडीतल्या सकाळी चालेल, दुपारी ओझरच्या सरळ रस्त्यावर चालणार नाही.

आता सकाळचा धक्का. जानेवारीत निफाडचा पारा कुठे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको, बागेत पहाटे शेकोट्या पेटवणारी माणसं तुम्ही. त्या थंडीत गिअरबॉक्सचं तेल घट्ट असतं. घट्ट तेलाने दाब अचूक पोचवणं कठीण जातं, शिवाय गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम गिअर उशिरा बदलतो आणि इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारं कन्व्हर्टरचं लॉक-अप लावत नाही, म्हणजे इंजिन आणि तेल लवकर गरम व्हावं. त्यात डिझेल इंजिन सुरू झाल्याबरोबर आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, चढा असतो. चढ्या आरपीएमवर तुम्ही लगेच डी (पुढचा) किंवा आर (रिव्हर्स) टाकलात तर ठक्क होणारच. चावी फिरवली की काटा खाली बसेपर्यंत थांबा, मग गिअर टाका. रिव्हर्समधून डी घेताना गाडी पूर्ण थांबलेली असू द्या. अंगणातून गाडी काढताना आपण सगळेच घाई करतो, मागे जात असतानाच डी ओढतो. पहिले काही किलोमीटर पाय हलका ठेवा. गाडी अंगात आल्यावर हा धक्का नाहीसा होत असेल तर त्याचा नाद सोडा.

मात्र एक अपवाद. आर किंवा डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलतच नाही आणि मग धाडकन पकडते, असं होत असेल तर तो थंडीचा दोष नव्हे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण उद्या सकाळी घड्याळ लावून बघाच.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी आणखी एक बारीकशी गोष्ट. धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळते. त्या वेळी उभ्या गाडीचा आरपीएम जरा चढतो, पंखा फिरत राहतो, अॅव्हरेज एकदम पडलेलं दिसतं. काही गाड्यांत तेवढ्या वेळापुरती गिअर बदलायची रीतही बदलते. एखाद्याच दिवशी गाडी वेगळी वागली तर हे आठवा.

लाथेकडे येतो. पिकअप घेतलेल्या लोकांची ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की माझा पहिला संशय गिअरबॉक्सवर जातच नाही. तुम्ही लिहिलंय, 'थांबलो की'. थांबायच्या जरा आधी, म्हणजे गाडी अजून रांगत असताना, की पूर्ण थांबल्यावर अर्ध्या-एक सेकंदाने? या एका सेकंदात सगळं उत्तर आहे. रांगत असताना बसत असेल तर दुसऱ्या गिअरचा पहिला होतानाचा धक्का असू शकतो. पूर्ण थांबल्यावर बसत असेल तर बघायची जागा मागे आहे. ब्रेक लागला की मागचा अॅक्सल पाट्यांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, किंचित पिळला जातो. गाडी थांबली की पाटे मोकळे होतात आणि अॅक्सल परत आपल्या जागी येतो. तेवढ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला, लांबीत थोडं आत-बाहेर सरकावं लागतं. सरकायच्या त्या दातऱ्यांना ग्रीस कमी असेल तर शाफ्ट अडकून राहतो आणि मग एकदम सुटतो. ती तुमची लाथ. ग्रीसिंगने ती बरेचदा जाते.

याची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. मोकळा, सपाट, रिकामा रस्ता बघा. द्वारका चौकात हे करू नका. ताशी वीसच्या आसपास असताना गाडी न्यूट्रलला टाका आणि हलक्या ब्रेकने थांबवा. न्यूट्रलमध्येही लाथ बसली तर गिअर बदलण्याशी तिचा काही संबंध नाही हे सिद्ध झालं. मग शाफ्टचे क्रॉस, मधलं बेअरिंग, दातऱ्यांचं ग्रीस, गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि पाट्यांचे यू-बोल्ट बघायला सांगा. यू-बोल्टचं मुद्दाम सांगतो. नव्या गाडीत माल वाहायला लागलं की पाटे बसतात आणि बोल्ट सैल होऊ शकतात, ते ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळायला लागतात. पहिल्या सर्व्हिसला हे केलं का ते जॉब कार्डावर बघा. हौदा रिकामा असताना लाथ जास्त आणि क्रेट भरल्यावर कमी, असं होतं का तेही टिपून ठेवा.

याच ओघात एक बाळबोध प्रश्न, राग मानू नका. चारही चाकांना जोर देणारं फोर-एच चालू तर राहिलेलं नाही ना? पिकअपमधला फोर बाय फोर बहुधा चिखलासाठी असतो. कोरड्या डांबरावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, वळताना गाडी अडखळते आणि कुठे ना कुठे ठोका बसतो. बागेतून गाडी बाहेर काढल्यावर बटण परत टू-एचला फिरवायचं राहून जातं. हा दोष घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलेली माणसं आहेत.

आता राहुड घाट. इथे मात्र बोलणी तुम्हाला खावी लागतील. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला समोरचा चढ दिसत नाही. त्याला दिसतो तुमचा पाय, गाडीचा वेग आणि इंजिनवरचा भार. माल भरून चढताना चौथा कमी पडतो म्हणून तो तिसरा टाकतो, गाडीने जरा वेग धरला आणि तुम्ही पाय किंचित उचललात की त्याला वाटतं चढ संपला, परत चौथा. हा खेळ घाटभर चालतो आणि त्यात तेल तापतं. उपाय तुमच्या हाताशीच आहे. लिव्हर मॅन्युअलच्या बाजूला घ्या आणि तिसरा, गरज पडली तर दुसरा, धरून ठेवा. ओझ्यासाठी वेगळा मोड असेल तर तो लावा. क्रूझ कंट्रोल घाटात बंद. माल घेऊन वाशीला जात असाल तर कसारा उतरताना तर हे करायलाच हवं. खालचा गिअर धरला की इंजिन गाडी अडवतं, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि हौद्यात किती टाकता? तुम्ही आकडा लिहिलेला नाही, यावरूनच मला शंका आली. पाच सीटच्या, दुहेरी केबिनच्या पिकअपची अधिकृत भारक्षमता बहुतेकांना वाटते त्याहून बरीच कमी असते. हौदा मोठा दिसतो म्हणून क्रेट रचत जातात. आरसी काढा, भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन अशी दोन्ही लिहिलेली असतात, वजाबाकी करा, माणसं आणि माल मिळून तेवढ्यात बसायला हवं. वीस किलोचा एक असे तीस क्रेट म्हणजे सहाशे किलो झाले. पुढे दोन माणसं बसली की साडेसातशेच्या घरात गेलात. हा भार त्या वजाबाकीच्या उत्तरात बसत नसेल तर गिअर का ठरत नाही हा प्रश्न कंपनीला विचारू नका. उलट उद्या वॉरंटीचा विषय निघाला तर समोरचा माणूस पहिलं बोट तिथेच ठेवेल. तेल तापल्याचा दिवा घाटात लागलाच तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, पी लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालू राहू द्या. बंद केलंत तर तेल कूलरमधून फिरायचं थांबतं.

चौथा धक्का, म्हणजे ते भुर्र. बदलणाऱ्या गिअरमध्ये एक क्लच सोडायचा आणि त्याच क्षणी दुसरा पकडायचा असतो. दुसऱ्याला पकडायला उशीर झाला तर मधल्या वेळात इंजिनवर भारच राहत नाही. काटा उडतो, भुर्र होतं, आणि मग उशिरा आलेला क्लच धप्पकन पकडतो. त्या घसरण्यात प्लेटांचं अस्तर जळतं, त्याची पूड तेलात जाते, तेलातून, तेल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व बॉडीच्या बारीक वाटांमध्ये जाते, आणि तिथले व्हॉल्व अडकायला लागले की घसरणं आणखी वाढतं. धक्का बसणारा गिअरबॉक्स वर्षानुवर्षं चालू शकतो, घसरणारा गिअरबॉक्स स्वतःला खातो. फार वेळा होत नाही म्हणून तुम्ही सोडून दिलंत, पण ते आत्ताच पकडायला हवं, पाच हजार किलोमीटरला आणि वॉरंटीत.

अर्थात, तुम्ही ऐकलेलं भुर्र हेच आहे का, याची खात्री करा. ओव्हरटेकसाठी पाय दाबल्यावर खालचा गिअर पडून काटा चढतो तो किक-डाउन, ते ठीकच आहे. हलक्या पायावर काटा दोन-तीनशेने वर जाऊन शांत बसला तर बहुधा लॉक-अप सुटलंय, तेही ठीक. ओळखायचं असं : लिव्हर मॅन्युअलला घ्या म्हणजे पडद्यावर गिअरचा आकडा दिसत राहील, आणि गाडी चांगली गरम झाल्यावर ओझर ते पिंपळगाव या पट्ट्यात एकसारख्या, मध्यम पायाने तिसऱ्याचा चौथा, चौथ्याचा पाचवा करत जा. आकडा वर जातोय, पाय आहे तिथेच आहे आणि तरीही काटा खाली यायच्या ऐवजी आधी वर उडतोय, तर ते घसरणं. शेजारी बसलेल्या माणसाला मोबाईलवर काट्याचा आणि आकड्याचा एकत्र व्हिडिओ घ्यायला सांगा. तुम्ही स्वतः चालवताना मोबाईल धरू नका.

कारणं काय असू शकतात? सगळ्यात साधं आणि नव्या गाडीतही शक्य असलेलं म्हणजे तेल कमी असणं. कारखान्यातूनच कमी भरलेलं, किंवा कूलरच्या नळीच्या जोडातून झिरपत असलेलं. रात्री गिअरबॉक्सच्या खाली स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवा. डिझेलचं इंजिन ऑईल काळं असतं, हे तेल बहुतेक गाड्यांत लालसर. लाल डाग दिसला की फोटो काढा. त्याखालोखाल संशय दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडवर (विजेवर चालणाऱ्या झडपेवर) किंवा त्याच्या वायरिंगवर, आणि मग कॉम्प्युटरच्या हिशेबावर.

या हिशेबाचा तुमच्या लाइटींशी संबंध आहे का, हे मला फार जाणून घ्यायचंय. असे गिअरबॉक्स शिकत असतात. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजून कॉम्प्युटर बघतो की क्लच पकडायला किती वेळ लागला. जास्त लागला तर पुढच्या वेळी दाब वाढवतो, कमी लागला तर उतरवतो. नव्या प्लेटा बसत जातात तसा हा हिशेब बदलत राहतो, म्हणून पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये गिअरची चाल थोडी बदलणं नैसर्गिक आहे. काही गाड्यांत बॅटरीची तार काढली की हा शिकलेला हिशेब पुसला जातो. लाइटी बसवताना बरेच कारागीर आधी बॅटरी सोडवतात. तेव्हा आठवून सांगा, धक्के लाइटींच्या आधीचे की नंतरचे? आणि लाइटींची वायर रिलेतून, फ्यूज लावून थेट बॅटरीवर घेतलीय की कुठल्या तरी चालू वायरला टोचून? अर्थिंग कुठे मारलंय? सोलेनॉइडला मोजूनमापून करंट लागतो, अर्थिंग ढिलं असेल तर तो करंट कमी-जास्त होऊ शकतो. चार-पाच दिवस लाइटींचा फ्यूज काढून गाडी चालवा आणि फरक पडतो का बघा. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी हे केलंत तर तुमची बाजू भक्कम होईल, कारण तिथे पहिला आक्षेप त्या लाइटींवरच येणार.

मित्राच्या दहा मिनिटांच्या कामाबद्दल. मित्र चांगला असेल, हातही चांगला असेल. पण या गिअरबॉक्सांना बहुधा डिपस्टिक नसते. गाडी लिफ्टवर समतल ठेवून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर एक बोल्ट उघडतात आणि तिथून तेल जेमतेम ओघळायला लागलं की पातळी बरोबर. तेल थंड असताना पातळी बघितली तर अंदाज चुकतो. जास्त भरलं तर फेस होतो, फेसाला दाब धरत नाही, आणि घसरणं वाढतं. तेलाची जातही कंपनीने सांगितलेलीच हवी, ती मालकाच्या पुस्तकात लिहिलेली असते. डब्यावर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लिहिलंय एवढ्याने भागत नाही, कारण क्लच किती मऊ किंवा कडक पकडतो ते त्या तेलातल्या मिश्रणावर ठरतं. आणि हे सगळं जमलं तरी, नव्या गाडीचा गिअरबॉक्स बाहेर उघडला गेला ही एकच गोष्ट वॉरंटी नाकारायला पुरे.

आता सर्व्हिस सेंटरला कसं जायचं ते सांगतो. सकाळी जाऊन दुपारी परत घेऊ नका. आदल्या संध्याकाळी गाडी तिथे ठेवा, म्हणजे थंड गाडी त्यांना सकाळी स्वतः सुरू करता येईल. 'जर्क' हा शब्द जॉब कार्डावर लिहू देऊ नका. लिहून घ्या : 'गाडी गरम असताना, मध्यम पायाने, तिसऱ्यावरून चौथा पडताना आरपीएम आधी वर जातो आणि मग धक्का बसतो. व्हिडिओ दाखवला.' लाथेची स्वतंत्र ओळ, न्यूट्रलच्या परीक्षेच्या निकालासह. अॅडव्हायझरला हे लांबलचक वाटेल, तो दोन शब्दांत उरकायला बघेल. तुम्ही सही करायच्या आधी वाचा.

मग टेक्निशियनला बरोबर घेऊन गाडी काढा, आणि त्याच्या स्कॅनरवर चालत्या गाडीची नोंद घ्यायला सांगा : दोन्ही शाफ्टचे वेग, तेलाचं तापमान, क्लचचं घसरणं. डॅशबोर्डवर दिवा लागलेला नाही म्हणजे कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदलेली बिघाडाची खूण, नाही असं नसतं, अर्धवट नोंदलेले कोडही असतात. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७४१ म्हणजे लॉक-अप क्लचची तक्रार, पी ०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, तिथे जाऊन बघा. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं यंत्र इंजिनचे कोड दाखवतं, गिअरबॉक्सच्या आतलं त्याला बहुतेक वेळा दिसत नाही, तेव्हा ते घेऊ नका. तेलाची पातळी रीतसर तापमानाला बघायला सांगा. गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे का ते विचारा. गिअरच्या चालीसाठी कंपन्या अशा सुधारणा काढत असतात आणि कुणी विचारल्याशिवाय त्या टाकल्या जातातच असं नाही.

एका गोष्टीवर अडून बसा. शिकलेला हिशेब पुसून नव्याने शिकवायचा उपाय त्यांच्याकडे असतो आणि तो सोपा म्हणून ते आधी करायला बघतात. करू द्या, पण नोंद घेतल्यानंतर. आधी पुसलं तर गाडी काही दिवस वेगळी वागेल, पुरावा जाईल, आणि महिन्याने तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

आणि तरीही 'असं होतं' म्हणालेच तर शांतपणे म्हणा, शोरूमची डेमो गाडी काढा. तोच मॉडेल, तोच रस्ता, तोच पाय. आधी तुमची चालवा, लगेच त्यांची चालवा, दोन्ही वेळा तोच टेक्निशियन शेजारी. डेमो गाडीही तसंच भुर्र करत असेल तर त्यांचं म्हणणं मान्य करा. ती करत नसेल तर तसं जॉब कार्डावर लिहून घ्या.

थोरल्या भावांच्या प्रश्नाकडे वळतो. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण क्रमाने गेलात तर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गाडी कुठेही घेतली असली तरी नाशिकच्या जिल्हा आयोगात. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, बऱ्याचदा कंपनीचा वरचा माणूस तेवढ्यानेच फोन करतो. दोन अडचणी मात्र ध्यानात ठेवा. गाडी धंद्यासाठी घेतली असं समोरचा म्हणेल, कारण व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबणाऱ्याला त्यातून सूट आहे आणि तुमची बाग त्यात बसावी, पण दुसऱ्यांचा माल भाड्याने नेत असाल तर आधी वकिलाशी बोला. दुसरी अडचण, दोष तुम्हाला दाखवावा लागतो. आजमितीला तुमच्याकडे 'जर्क' लिहिलेली दोन जॉब कार्डं आहेत. ती आयोगापुढे ठेवून गाडी बदलून मिळणार नाही. दोष नीट नोंदवला गेला, दुरुस्तीची संधी दिली, तरी तो तसाच राहिला, असं कागदावर दिसलं की थोरल्या भावांचं म्हणणं विचारात घेऊ.

तोवर आडगावच्या आसपासची कामं करा, पण माल भरून कसारा किंवा राहुडच्या वाटेला जाऊ नका. भुर्र रोज व्हायला लागलं, गिअर टाकल्यावर गाडी पकडायला वेळ घ्यायला लागली किंवा जळका वास आला तर गाडी तिथेच बंद करा आणि कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावा. सपाट ट्रॉलीची, चारही चाकं वर चढतील अशी गाडी पाठवा म्हणून सांगा. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायला कुणी तयार झालं तरी नको म्हणा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात, आणि नुसत्या ओढण्याने चांगला गिअरबॉक्ससुद्धा निकामी होतो.

न्यूट्रलच्या परीक्षेचा निकाल आणि लाइटींची तारीख, दोन्ही कळवा.